कॉम्प्युटर, गेम डिझाइन की बिझनेस: पदवी निवडताना काय तपासायचं

बीटेक कॉम्प्युटर, बीटेक एआय, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी आयटी, बीसीए, बीबीए सीए, बीबीए, बीएमएस, बीडेस. बारावीच्या निकालानंतर ही यादी घरात येते आणि सगळ्यांचाच गोंधळ उडतो. आई म्हणते, "सगळ्यात कॉम्प्युटरच आहे ना? मग फरक काय?" मुलगा म्हणतो, "मला गेम बनवायचेत." शेजारचे काका सांगतात की हल्ली बीबीए करून एमबीए केलेलं बरं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलावर बसतो. तिथं येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, 'कुठला कोर्स चांगला?' या प्रश्नाला खरं उत्तर नाही. मुलगा किंवा मुलगी तिथं आठवडाभर नेमकं काय करेल आणि मार्क कशाचे मिळतील, हे मात्र कागदावर लिहिलेलं असतं. निर्णय त्यावर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

एकच लुडो, तीन कामं

मोबाइलवरचा लुडो आपण सगळेच खेळलो आहोत. त्यातला सगळ्यांत गाजलेला लुडो किंग नवी मुंबईत तयार झाला, 2016 साली, आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये तो घराघरांत पोचला. अशा कुठल्याही ऑनलाइन लुडोबद्दल एक तक्रार कायम कानावर येते: "फासा फिक्स आहे, मला सहा पडतच नाही." ही तक्रार जरा खोलात जाऊन बघू या. तिन्ही शिक्षणांतला फरक तिच्यात स्वच्छ दिसतो.

प्रामाणिक फाशावर सहा न पडण्याची शक्यता 5/6. लागोपाठ 10 वेळा न पडण्याची शक्यता म्हणजे 5/6 चा दहावा घात, सुमारे 16 टक्के. आता चौघं खेळतायत. चौघांपैकी निदान एकाला पहिल्या दहा फाशांत एकही सहा न पडण्याची शक्यता किती? गणित केलं तर जवळपास 51 टक्के येते. म्हणजे फासा शंभर टक्के खरा असला तरी साधारण दर दोन डावांपैकी एकात कुणीतरी दहा फासे टाकूनही घरातच बसलेलं असतं. फासा फिक्स नाही, पण बसून राहिलेल्याचा राग खरा आहे.

कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला इथं पहिला प्रश्न पडतो तो फासा टाकायचा कुठे. फोनवर टाकला तर अॅपमध्ये फेरफार करून एखादा दर वेळी सहाच पाडून घेईल. म्हणून फासा सर्व्हरवर टाकायचा, फोनने फक्त आकडा दाखवायचा. मग चौघांच्या फोनवर पट सारखाच दिसला पाहिजे. त्यातला एक जण एसटीने घाटातून चाललाय आणि त्याची रेंज गेली, तर बाकीच्यांनी किती वेळ थांबायचं? तो परत आला की डाव कुठून दाखवायचा? असे हजारो डाव एकाच वेळी चालू असतील तर? आणि फासा निःपक्ष आहे हे सिद्ध कसं करायचं? लाखभर फासे टाकून सहाही आकडे किती वेळा आले ते मोजायचं आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासायचं. संभाव्यता, नेटवर्क, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, सुरक्षा, एवढे विषय या एका तक्रारीत आले. कॉम्प्युटरची पदवी म्हणजे हेच विषय, तीन किंवा चार वर्षं.

गेम डिझायनरचा प्रश्न वेगळा. फासा खरा आहे, तरी माणूस वैतागलाय, मग नियम बदलायचा का? सुरुवातीलाच एक सोंगटी बाहेर ठेवता येईल. सलग काही फाशांत सहा नाही आला तर पुढचा सहा देऊन टाकता येईल. सहाऐवजी एक पडला तरी सोंगटी बाहेर काढू देता येईल. प्रत्येक बदलाची किंमत असते. एक सोंगटी आधीच बाहेर असेल तर पहिल्या सहाचा आनंद गेला. सहा हमखास मिळणार हे खेळणाऱ्याला कळलं तर फाशावरचा विश्वास गेला. डिझायनर हे नुसतं बसून ठरवत नाही. तो पुठ्ठ्यावर पट आखतो, पाच जणांना खेळायला बसवतो आणि शेजारी गप्प बसून बघतो: कुणी कधी हसलं, कुणी कंटाळून स्वतःचा फोन काढला, कुणाला नियम दोनदा विचारावा लागला. मग नियम बदलतो, पुन्हा पाच जण बसवतो. या कामात चित्रकला येते, पण हे काम चित्रकलेचं नाही. दिवसभर गेम खेळण्याचं तर अजिबात नाही.

बिझनेस शिकलेला मुलगा विचारतो, घरात अडकून बसलेला खेळाडू उद्या परत येतो का? एक नवा खेळाडू आणायला जाहिरातीवर किती खर्च होतो आणि तो खेळाडू अॅप काढून टाकेपर्यंत आपल्याला किती मिळवून देतो? जाहिरात डावाच्या मध्ये दाखवायची की शेवटी? पैसे घेऊन रंगीत सोंगट्या विकल्या तर ठीक. पैसे घेऊन नशीब विकलं तर बाकीचे तीन खेळाडू निघून जातील. आणि कायदा काय म्हणतो? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनला आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. आदल्या महिन्यापर्यंत जोरात चाललेला धंदा असा थांबू शकतो, हे ओळखून त्याची तजवीज करणं हाही अभ्यासाचा विषय आहे.

मुलांना मी विचारतो, यातली कुठली डोकेदुखी तुला रोज आवडेल? उत्तर बहुतेक वेळा पटकन येतं, आणि ते आई-वडिलांनी धरलेल्या उत्तरापेक्षा बऱ्याचदा वेगळं असतं.

कॉम्प्युटरच्या पदव्या: गणित किती, प्रॅक्टिकल किती

बीटेकला चार वर्षं. पण पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरचं नसतंच. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रिकल, मेकॅनिक्स, ग्राफिक्स असे विषय असतात आणि 'मी तर कोडिंगसाठी आलो होतो' म्हणणाऱ्या मुलांच्या पहिल्या केट्या इथंच लागतात. खरा कॉम्प्युटर दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो: डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टीम, डीबीएमएस, नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. प्रवेश एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर, आणि त्या परीक्षेत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. गणित टाळून या वाटेनं जाता येत नाही. एआय, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशी नावं लावलेल्या शाखांचा विषयांचा तक्ता कॉम्प्युटरच्या तक्त्याशेजारी ठेवून बघा. पहिली दोन वर्षं बहुतेक सारखीच असतात. वेगळेपण शेवटच्या चार सेमिस्टरांत, आणि ते शिकवायला त्या कॉलेजात माणसं आहेत का हा खरा प्रश्न.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स ही पदवी लोक कमी लेखतात आणि मला ते खटकतं. पुणे विद्यापीठात तिला बारावी विज्ञान, गणितासह, लागतं. पहिल्या सेमिस्टरपासून प्रोग्रामिंग आणि डेटाबेस, जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स. गणित आवडतं पण सीईटीच्या दिवशी गडबड झाली, अशा मुलीनं कुठल्यातरी कोपऱ्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून लाखो रुपये भरून जाण्यापेक्षा जुन्या, चांगल्या विज्ञान महाविद्यालयात बीएस्सी करावं. पुढे दोन वर्षांचं एमसीए किंवा एमएस्सी आहे. आणि बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करण्याची सोयही आहे, जी फार थोड्या घरांना माहीत असते.

बीसीएमध्ये गणित हलकं, भर वापरावर: वेबसाइट, जावा, डेटाबेस, अॅप. बारावी कुठल्याही शाखेची चालते. पुणे विद्यापीठात बीबीए सीए नावाची पदवी आहे. ती पूर्वी वाणिज्य शाखेतली बीसीए होती, आणि विज्ञान शाखेतली बीसीए सायन्स वेगळी. नावात बीबीए असलं तरी बीबीए सीएची मुलं पहिल्या वर्षापासून सी लँग्वेज शिकतात, जोडीला अकाउंट्स आणि व्यवस्थापन. 2024-25 पासून बीसीए, बीबीए, बीएमएस या पदव्या एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक परिषदेच्या कक्षेत आल्या आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. तेव्हापासून काही कॉलेजांनी पदव्यांची नावंच बदलली. अभ्यासक्रम तोच, नाव दुसरं, सीईटी नाही. यात लगेच फसवणूक शोधायची गरज नाही. पण आपण कुठल्या नावाची पदवी घेतोय, ती कुणाच्या मान्यतेची आहे आणि एमसीएला ती चालेल का, हे प्रवेशाआधी कार्यालयात विचारून घ्या.

आता तो विषयांचा तक्ता वाचायचा कसा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये 15 तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. समजा, दोन कॉलेजांत 'पायथॉन प्रोग्रामिंग' हा चार क्रेडिटचा विषय आहे. एकात चारही क्रेडिट थिअरीचे: 60 तास फळ्याकडे बघत. दुसऱ्यात दोन थिअरी, दोन प्रॅक्टिकल: 30 तास वर्गात, 60 तास मशीनसमोर. पहिल्या ठिकाणचा मुलगा उत्तरं पाठ करून पास होईल आणि मुलाखतीत पहिल्या प्रश्नालाच अडेल. विषयाचं नाव दोन्हीकडे एकच. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमध्ये जा, एका बॅचला किती मशीन आहेत ते मोजा, आणि तिथल्या एखाद्या मुलाचं जर्नल उघडून बघा. सगळ्या जर्नलांत एकच प्रोग्रॅम त्याच चुकीसकट उतरवलेला असेल तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

'एआय कोड लिहितं, मग हे शिकून काय करायचं?' हा प्रश्न हल्ली प्रत्येक पालक विचारतात. कोड लिहून मिळतो हे खरं. तो बरोबर आहे का, घाटात रेंज गेल्यावर डाव तुटेल का, हे ओळखायला वर सांगितलेलेच विषय लागतात. नुसतं भाषेचं व्याकरण शिकवणाऱ्या कोर्सची किंमत मात्र खरोखरच घसरली आहे.

गेम डिझाइन: स्वप्न मोठं, म्हणून तपासणीही मोठी

गेमची आवड असलेल्या मुलांना उडवून लावू नये. हे खरं क्षेत्र आहे आणि महाराष्ट्रात आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ 2008 पासून चालू आहे, मुंबईतला 2018 पासून. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 साली जगभर विकला गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' हा गेम 2024 मध्ये आणला. केंद्र सरकारने 2025 मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू केली, अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी.

अडचण अशी की 'गेम' ही एक पदवी नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अबर्टे विद्यापीठाने 1997 साली कॉम्प्युटर गेम्सची पदवी सुरू केली, जगात पहिली म्हणून तिचा उल्लेख होतो. अमेरिकेतली डिजिपेन ही संस्था तर गेमच्याच शिक्षणासाठी ओळखली जाते. पण तिथंही गेमचा प्रोग्रामर कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतो, नियम आणि लेव्हल रचणारा गेम डिझाइनची, आणि पात्रं-दृश्यं बनवणारा कलेची. तीन वेगळे विभाग, तीन वेगळे प्रवेश. आपल्याकडे तीन वर्षांच्या एकाच कोर्समध्ये थोडं कोडिंग, थोडं थ्रीडी मॉडेलिंग, थोडं डिझाइन, थोडं मार्केटिंग कोंबलेलं दिसतं. माहितीपत्रकात ते भरगच्च वाटतं. स्टुडिओत मुलाखतीला गेल्यावर मात्र प्रोग्रामर म्हणून कोड कमी पडतो आणि आर्टिस्ट म्हणून हात कमी पडतो.

नोकऱ्यांची रचनाही समजून घ्या. स्टुडिओत प्रोग्रामर आणि आर्टिस्ट पुष्कळ लागतात, डिझायनर मोजके. शिवाय नवख्या माणसाला डिझायनर म्हणून थेट घेणं धोक्याचं असतं, कारण त्याचा एक नियम चुकला तर सगळ्यांचं काम फुकट जातं. म्हणून अनेक जण टेस्टर म्हणून किंवा प्रोग्रामर, आर्टिस्ट म्हणून शिरतात आणि पुढे डिझाइनकडे वळतात. आणखी एक: पैसे लावून खेळायच्या रमी-फँटसी कंपन्याही आपल्याकडे 'गेमिंग' याच नावाखाली मोजल्या जायच्या. 2025 च्या कायद्यानंतर तिथल्या नोकऱ्यांचा हिशोब पार बदलला. जुन्या माहितीपत्रकात गेमिंग क्षेत्राच्या वाढीचे मोठे आकडे दिसले तर त्यात हा धंदा धरलाय का, हे आधी विचारा.

मग करायचं काय? ज्याला कोड आवडतो त्यानं सरळ कॉम्प्युटरची पदवी घ्यावी आणि गेम स्वतः बनवावेत. युनिटी सी शार्पवर चालतं, अनरिअल सी प्लस प्लसवर, आणि गोडो हे इंजिन पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे, साध्या टूडी गेमसाठी जुन्या लॅपटॉपवरही चालतं. दरवर्षी जानेवारीच्या आसपास ग्लोबल गेम जॅम भरतो. एका शनिवार-रविवारच्या सुटीत, 48 तासांत, अनोळखी माणसांबरोबर एक छोटा गेम पूर्ण करायचा. तो छोटा, ओबडधोबड गेमही पोर्टफोलिओत चालतो, कारण तो पूर्ण झालेला असतो. अर्धे सोडलेले दहा गेम कुणी बघत नाही.

ज्याचा हात चित्रात चालतो त्यानं बीएफए (कलेची पदवी) किंवा बीडेस (डिझाइनची पदवी) यांच्याकडे बघावं. इथं एक तारीख बहुतेक घरांच्या हातून निसटते. आयआयटी मुंबई घेत असलेली यूसीड ही परीक्षा, जिच्यावर आयआयटींमधल्या बीडेसचे प्रवेश होतात, जानेवारीत असते आणि तिचे अर्ज बारावीच्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात. एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रवेश परीक्षेची पहिली फेरीही हिवाळ्यातच. निकालानंतर जूनमध्ये चौकशीला येणाऱ्या मुलीला मला सांगावं लागतं की या वर्षीची गाडी गेली. ती मुलगी फार चांगली चित्रं काढणारी असते तेव्हा खूप वाईट वाटतं. यूसीडला कुठल्याही शाखेची बारावी चालते, हेही कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि ज्याला खरोखर नियम रचण्यातच रस आहे, त्यानं पदवीनंतरचा पर्याय डोळ्यांसमोर ठेवावा. एनआयडीच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, आहे. आयआयटींच्या एमडेससाठीच्या सीड परीक्षेला तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते, पण प्रत्यक्ष प्रवेशाच्या अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या असतात. कॉम्प्युटर, मानसशास्त्र, अगदी इतिहासाची पदवी घेऊनही इकडे येता येतं. बारावीनंतर लगेच एखाद्या खासगी संस्थेत गेम डिझाइनला जायचंच असेल, तर तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. पदवी कुठलं विद्यापीठ देतं, की नुसतंच प्रमाणपत्र आहे? शिकवणाऱ्यांनी स्वतः कुठला गेम बाजारात आणलाय, त्याच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव आहे का? आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांनी बनवलेले गेम आपल्याला डाउनलोड करून खेळता येतील का? तिसऱ्या प्रश्नावर संस्था फक्त व्हिडिओ दाखवू लागली तर उठून या.

बिझनेसची पदवी: एमबीएची पायरी?

बीबीए आणि बीएमएसबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज असा की एमबीएला त्यांचा फायदा होतो. आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या कॅट परीक्षेला कुठलीही पदवी चालते, राज्याच्या एमबीए सीईटीलाही. मोठ्या मॅनेजमेंट संस्थांचे वर्ग वर्षानुवर्षं इंजिनिअरांनी भरलेले आहेत. बीबीए केली म्हणून प्रवेशात वेगळी सवलत मिळत नाही; काही आयआयएम जादा गुण देतात, पण ते कुठल्याही बिगर-इंजिनिअरिंग पदवीला. पहिल्या सेमिस्टरचे विषय ओळखीचे वाटतात, एवढंच.

मग बीबीए वाईट का? नाही. पण तिची किंमत ठरते ती अकाउंट्स, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा हे चार विषय किती कसून शिकवले जातात यावर. मार्केटिंग आणि एचआरच्या प्रेझेंटेशनांत तीन वर्षं मजेत जातात, आणि तिसऱ्या वर्षी मुलाला एखाद्या कंपनीचा ताळेबंद वाचता येत नाही, असं चित्र दिसतं. घरचं दुकान किंवा छोटा कारखाना असेल तर त्याच मुलाकडून जीएसटीचं रिटर्न भरून घ्या, उधारीची वही एक्सेलमध्ये आणायला सांगा. ज्याला त्यात गोडी वाटते त्याच्यासाठी ही शाखा आहे. आणि गोडी खूपच असेल तर साधं बीकॉम आणि जोडीला सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) हा रस्ता जास्त कष्टाचा पण जास्त पक्का आहे. बारावीनंतर लगेच मॅनेजमेंटकडे जायची ज्यांची तयारी चांगली आहे त्यांच्यासाठी आयआयएम इंदूरने 2011 मध्ये पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला; त्याच्या प्रवेश परीक्षेतही गणित भरपूर असतं.

दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी बीटेकमध्ये कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स ही शाखा काही कॉलेजांत मिळते. टीसीएसने तिचा अभ्यासक्रम बनवण्यात पुढाकार घेतला होता. साध्या तीन वर्षांच्या पदवीतही आता मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) असतात, आणि ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरून घ्यायचा असतो. कॉम्प्युटरच्या मुलीनं तिथं 'सोपा आहे' म्हणून मिळेल तो विषय न घेता अकाउंट्स घ्यावा. तिची पुढची पंचवीस वर्षं बिलं, पगार आणि व्यवहार यांच्याच सॉफ्टवेअरवर जाण्याची शक्यता मोठी आहे.

पॅकेज आणि फी

फ्लेक्सवर 'सर्वोच्च पॅकेज' असतं. तो एका मुलाचा आकडा. आपल्याला हवा असतो तो मधला आकडा, म्हणजे मीडियन. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असते. त्यात एका ओळीत प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी लागलेले किती, त्यांचा मीडियन पगार आणि पुढे शिकायला गेलेले किती हे असतं. समजा, 120 जणांनी प्रवेश घेतला, 100 वेळेत पास झाले, 40 जणांना नोकरी लागली, 25 पुढे शिकायला गेले. मीडियन पगार त्या 40 जणांचा आहे. उरलेले 35 कुठे गेले, हे कॉलेजला विचारा. आणि 120 मधले 20 वेळेत पास का झाले नाहीत, हेही. तीन वर्षांच्या पदव्यांचा आकडा सगळ्या विषयांचा मिळून असतो, त्यामुळे बीएस्सी कॉम्प्युटरचा वेगळा आकडा विभागप्रमुखांकडूनच मागावा लागतो.

फीबाबत एक गोष्ट नक्की तपासा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. अभिमत आणि खासगी विद्यापीठं आपली फी स्वतः ठरवतात. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, पण ती कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून घेतलेल्या प्रवेशासाठी. खासगी आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींच्या घरी हे माहीत नसतं. कॅपमध्ये मिळत असलेली जागा सोडून, 'कॅम्पस छान आहे' म्हणून खासगी विद्यापीठात जाताना आपण काय सोडतोय, याचा हिशोब आधी कागदावर मांडा.

नंतर रस्ता बदलावासा वाटला तर

सतरा-अठराव्या वर्षी केलेली निवड चुकू शकते, म्हणून कुठून कुठे जाता येतं हे बघून ठेवावं. कॉम्प्युटरकडून बिझनेसकडे जाणं सोपं: पदवीनंतर कॅट किंवा एमबीए सीईटी. कॉम्प्युटरकडून डिझाइनकडे जायला सीड आहे. बीडेस झालेल्यालाही एमबीए मोकळं आहे. कठीण आहे ते उलटं येणं. बीबीए किंवा बीकॉम करून कॉम्प्युटरकडे यायचं तर मुख्य रस्ता एमसीएचा, आणि तिथं बारावीला किंवा पदवीला गणित होतं का असं विचारतात. गणित नसलेल्या मुलांना मग ब्रिज कोर्स, पात्रतेचे नियम आणि कॉलेजांच्या चकरा यांत वर्ष घालवावं लागतं.

म्हणून ज्यांच्या घरी या वर्षी अकरावीत जाणारं कुणी आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. कॉमर्सला प्रवेश घेताना गणित आणि एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) यांत निवड करायला सांगतात आणि बहुतेक मुलं एसपीला मार्क पडतात म्हणून तेच घेतात. मुलाला कॉम्प्युटरची थोडी जरी ओढ असेल तर गणित घ्या, मार्क चार कमी पडले तरी चालतील. विषय बदलून मिळण्याची मुदत पहिल्या काही आठवड्यांचीच असते. एसपी घेऊन झालं असेल तर ती संपायच्या आत कार्यालयात जाऊन अर्ज द्या.